घाईच्या सकाळी प्रथिनयुक्त ओट्सची लापशी

शहरातील बहुतेक घरांत सकाळी साडेसहा ते साडेआठ हा सर्वाधिक धावपळीचा काळ असतो. मुलांचे डबे, पाण्याची वेळ, शाळेची बस, ठरलेली लोकल या सगळ्यांत सर्वांत आधी बळी जातो तो न्याहारीचा. घरातील इतरांचे डबे वेळेवर भरणारी गृहिणी स्वतः मात्र चहा आणि चार बिस्किटांवर घराबाहेर पडते. अकराच्या सुमारास भूक अनावर झाली की वडापाव किंवा सामोसा जवळ केला जातो. हा क्रम वर्षानुवर्षे चालू राहतो आणि त्याचे परिणाम वजन, रक्तातील साखर आणि थकवा या रूपांनी चाळिशीनंतर दिसू लागतात.

यावर उपाय म्हणून गेल्या दोन दशकांत ओट्सने आपल्या स्वयंपाकघरात प्रवेश केला. चटकन शिजणारे, पचायला हलके आणि आरोग्याला हितकारक अशी त्यांची ख्याती आहे आणि ती बव्हंशी खरीही आहे. मात्र ‘ओट्स खाल्ले म्हणजे भरपूर प्रथिने मिळाली’ ही समजूत तपासून पाहण्याजोगी आहे. केवळ पाण्यात शिजवलेल्या वाडगाभर ओट्समधून मिळणारी प्रथिने तेवढ्याच खर्चात मिळू शकणाऱ्या प्रथिनांच्या मानाने फारच थोडी असतात. लापशीला प्रथिनयुक्त करायचे असेल, तर ते काम ओट्सबरोबर आपण पातेल्यात काय घालतो त्यावर अवलंबून आहे. सुदैवाने त्यासाठी लागणारे जिन्नस मराठी घरात आधीपासूनच असतात.

ओट्स म्हणजे काय?

ओट्सला आपल्याकडे ‘जई’ असे नाव आहे. ‘जव’ किंवा ‘सातू’ म्हणजे बार्ली. ते धान्य वेगळे. भारतात जईची लागवड मुख्यतः जनावरांच्या चाऱ्यासाठी होते. उत्तर युरोपातील थंड व दमट हवामानात मात्र हे धान्य चांगले पिकते आणि स्कॉटलंडमध्ये ते शतकानुशतके माणसांचे रोजचे अन्न होते. ओट्सची लापशी, म्हणजे ‘पॉरिज’, हा तेथील न्याहारीचा पारंपरिक प्रकार. पाणी, ओट्स आणि मीठ एवढेच त्याचे मूळ साहित्य. ढवळण्यासाठी तेथे ‘स्पर्टल’ नावाची गोल लाकडी काठी वापरतात. कारब्रिज या स्कॉटिश गावात १९९४ पासून लापशी शिजवण्याची जागतिक स्पर्धा भरते आणि विजेत्याला सोनेरी स्पर्टल दिले जाते.

अख्खी जई शिजायला वेळ लागतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत ती वाफवून, रुळांखाली दाबून तिचे पोहे करण्याचे तंत्र रूढ झाले आणि हे धान्य घाईच्या न्याहारीत आले. ‘क्वेकर’ ही नाममुद्रा ओहायो राज्यातील गिरणीने १८७७ मध्ये नोंदवली. वाफवण्यामागे आणखी एक कारण आहे. गहू-तांदळाच्या तुलनेत जईत स्निग्धांश बराच अधिक, म्हणजे सुमारे ७ टक्के असतो. त्यासोबत स्निग्धांश विघटित करणारे विकरही दाण्यात असते. वाफेच्या उष्णतेने ते निष्प्रभ केले नाही, तर दळलेले किंवा दाबलेले ओट्स लवकर खवट होतात.

ओट्सच्या लौकिकाचे खरे कारण त्यातील ‘बीटा-ग्लुकन’ हा विरघळणारा तंतुमय घटक आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९७ मध्ये ओट्सच्या वेष्टनावर हृदयविकाराचा धोका कमी होण्यासंबंधीचा दावा छापण्यास परवानगी दिली. त्यासाठी दिवसाला ३ ग्रॅम बीटा-ग्लुकन पोटात जावे, असे प्रमाण ठरवले गेले. हे प्रमाण कमी स्निग्ध आहाराच्या जोडीने पाळायचे आहे, हे लक्षात ठेवावे. चाळीस ग्रॅम ओट्समधून सुमारे दीड ग्रॅम बीटा-ग्लुकन मिळते. लापशीला येणारा चिकट घट्टपणा याच घटकाचा. तो पोटातही अन्नाची गती मंद करतो, म्हणून भूक लवकर लागत नाही.

प्रथिनांचा हिशेब

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या शिफारशींनुसार प्रौढ व्यक्तीला रोज, शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे ६५ किलो वजनाच्या पुरुषाला सुमारे ५४ ग्रॅम आणि ५५ किलो वजनाच्या स्त्रीला सुमारे ४६ ग्रॅम. ही गरज तीन जेवणांत समान वाटली, तर न्याहारीच्या वाट्याला १५ ते १८ ग्रॅम येतात. वयाबरोबर स्नायू क्षीण होऊ लागतात. म्हणून ज्येष्ठ नागरिकांनी तर सगळी प्रथिने एकाच जेवणावर न सोडता ती दिवसभरात विभागून घ्यावीत, असे आहारतज्ज्ञ सुचवतात.

आता आपल्या नेहमीच्या न्याहारीकडे पाहू. पन्नास ग्रॅम पोह्यांत जेमतेम पावणेचार ग्रॅम प्रथिने असतात. तेवढ्याच रव्याच्या उपम्यात साधारण साडेपाच ग्रॅम. चहा आणि चार बिस्किटांतून तीन ग्रॅमच्या आसपास. आणि ४० ग्रॅम ओट्स पाण्यात शिजवले, तर मिळतात सुमारे ५ ग्रॅम. म्हणजे प्रथिनांपुरते बोलायचे, तर नुसते ओट्स आणि रव्याचा उपमा यांत फारसा फरक नाही. बाजारात मात्र ओट्स रव्यापेक्षा कितीतरी महाग पडतात. जास्तीचा पैसा तंतुमय घटकासाठी देण्यात काही वावगे नाही. पण तो प्रथिनांसाठी दिला आहे, अशा भ्रमात राहू नये.

प्रथिनांचा दर्जा हा याचा दुसरा भाग. धान्यांतील प्रथिनांत ‘लायसिन’ हे आवश्यक अमिनो आम्ल कमी असते. ओट्समध्ये ते गव्हापेक्षा बरे असले, तरी पुरेसे नसते. डाळी, दूध आणि अंडी यांत लायसिन भरपूर असते. वरण-भात, डाळ-खिचडी, थालीपीठ-दही या जोड्यांनी आपल्या पूर्वजांनी हीच उणीव भरून काढली. ओट्सनाही तोच नियम लावायचा आहे.

कोणते ओट्स घ्यावेत?

दुकानात साधारणतः चार प्रकार दिसतात. पोलादी पात्यांनी तुकडे केलेले ‘स्टील-कट’ ओट्स दलियासारखे दिसतात. त्यांना शिजायला २० ते ३० मिनिटे लागतात. पोह्यांसारखे चपटे ‘रोल्ड’ ओट्स ५ ते ७ मिनिटांत शिजतात. आणखी पातळ दाबून तुकडे केलेले ‘क्विक’ ओट्स २ ते ३ मिनिटांत तयार होतात. चौथा प्रकार म्हणजे गरम पाणी ओतताच फुलणारे ‘इन्स्टंट’ ओट्स. यांत साखर, मीठ, मसाला किंवा सुगंध घातलेली छोटी पाकिटेही आली.

पहिल्या तीन प्रकारांतील प्रथिने जवळपास सारखीच असतात. फरक पडतो तो पचनाच्या गतीत. दाणा जितका बारीक व अधिक शिजवलेला, तितकी रक्तातील साखर लवकर वाढते. घाईच्या सकाळसाठी रोल्ड ओट्स हा वेळ आणि गुण यांतील उत्तम समन्वय होय.

चवीच्या पाकिटांबाबत मात्र वेष्टनावरील बारीक अक्षरे वाचावीत. साहित्याच्या यादीत पदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने दिलेले असतात; साखर दुसऱ्या क्रमांकावर असेल, तर ती लापशी नसून खाऊ आहे असे समजावे. मसाला ओट्समध्ये सोडियम पाहावे. ४०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे सुमारे १ ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटनेने दिवसभरासाठी ५ ग्रॅमहून कमी मिठाची मर्यादा सांगितली आहे. रक्तदाबाच्या रुग्णांनी साधे ओट्स आणून घरीच फोडणी द्यावी, हे बरे.

मूळ कृती

एका व्यक्तीसाठी ४० ग्रॅम रोल्ड ओट्स घ्यावेत. दीडशे मिलिलिटरची वाटी धरली, तर ही पाऊण वाटी होते. द्रव पदार्थ एकूण ३०० मिलिलिटर, म्हणजे दोन वाट्या लागतात. जाड बुडाचे लहान पातेले निवडावे. पातळ भांड्यात लापशी हमखास लागते.

पातेले मंद आचेवर ठेवून ओट्स कोरडेच किंवा अर्धा चमचा तुपावर दोन मिनिटे परतावेत. खमंग वास सुटला की पुढच्या कृतीकडे वळावे. अनेकांना ओट्स आवडत नाहीत ते त्यांच्या बुळबुळीतपणामुळे. भाजल्याने दाणे काहीसे सुटे राहतात आणि चवही सुधारते. शिरा करताना रवा भाजून घेतो, त्यातलाच हा प्रकार.

नंतर एक वाटी पाणी आणि चिमूटभर मीठ घालावे. गोड लापशीतही मीठ आवश्यक आहे. त्यावाचून ती पानचट लागते. पाण्याला उकळी येऊन ओट्स फुगले की मग एक वाटी दूध घालावे. सुरुवातीलाच सगळे दूध ओतल्यास ते तळाशी लागण्याची आणि उतू जाण्याची भीती असते. मध्यम-मंद आचेवर अधूनमधून ढवळत तीन ते चार मिनिटे शिजवावे. सतत घोटू नये. जितके घोटावे तितका पिष्ट पदार्थ सुटून चिकटपणा वाढतो. लापशी किंचित पातळ असतानाच गॅस बंद करून झाकण ठेवावे. दोन मिनिटांत ती आपोआप आळते.

भाजण्यापासून झाकण काढेपर्यंत साधारण दहा ते बारा मिनिटे लागतात. त्यातही प्रत्यक्ष उभे राहण्याचा वेळ पाच-सहा मिनिटांचाच. चौघांसाठी करायची असल्यास रुंद पातेले घ्यावे. बाष्पीभवन प्रमाणाने कमी होते, म्हणून द्रव चौपट न घेता साडेतीनपट घ्यावा.

प्रथिने कशाने वाढवावीत?

पुढील आकडे अंदाजे आहेत. जिन्नसाच्या जातीनुसार थोडा फरक पडतो.

दूध : २०० मिलिलिटरमध्ये ६ ते ७ ग्रॅम प्रथिने. टोन्ड दुधात स्निग्धांश कमी असला, तरी प्रथिने जवळपास तेवढीच असतात. सोयाबीनचे दूध या बाबतीत गायीच्या दुधाच्या बरोबरीचे आहे. बदामाच्या दुधात मात्र प्रथिने नाममात्र असतात.

स्निग्धांशरहित दूध पावडर : दोन मोठे चमचे, म्हणजे १५ ग्रॅम घेतल्यास ५ ग्रॅम. ती थंड पाण्यात किंवा थंड दुधात कालवून मगच घालावी; उकळत्या लापशीत कोरडी टाकल्यास गुठळ्या होतात.

शेंगदाण्याचे कूट : दोन मोठे चमचे, म्हणजे १५ ग्रॅममध्ये सुमारे ४ ग्रॅम. शिजत असताना शेवटच्या मिनिटात घालावे. कुटात उष्मांकही बरेच असल्याने हात आवरता घ्यावा.

डाळ्याचे पीठ : चिवड्यात घालतो त्या डाळ्यांचे पीठ मिक्सरमध्ये एका मिनिटात होते. पंचवीस ग्रॅममध्ये साधारण ५ ग्रॅम प्रथिने मिळतात. डाळे मुळात भाजलेले असल्याने पीठ वेगळे शिजवावे लागत नाही. हेही आधी गार पाण्यात कालवून घ्यावे. खर्चाच्या दृष्टीने हा सर्वांत किफायतशीर पर्याय आहे.

अंडी : एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम. फेटलेले अंडे थेट उकळत्या लापशीत ओतू नये. आधी वाटीतील अंड्यात डावभर गरम लापशी घालून एकजीव करावे आणि मग ते मिश्रण मंद आचेवरील पातेल्यात सोडून दीड-दोन मिनिटे सतत ढवळावे. असे केल्यास अंड्याच्या गाठी होत नाहीत आणि लापशीला कस्टर्डसारखा मऊपणा येतो.

शिजवलेली डाळ : ३० ग्रॅम कोरड्या तूरडाळीत किंवा मूगडाळीत साडेसहा ते सात ग्रॅम. शिजल्यावर ही सुमारे अर्धी ते पाऊण वाटी घट्ट डाळ होते.

पनीर : ५० ग्रॅममध्ये ९ ग्रॅमच्या आसपास. हाताने कुस्करून गॅस बंद केल्यावर मिसळावे.

दही : १०० ग्रॅममध्ये ३ ते साडेतीन ग्रॅम. फडक्यात बांधून पाणी काढलेल्या चक्क्यात प्रथिने याहून दुपटीपेक्षा अधिक असतात. दही नेहमी लापशी कोमट झाल्यावर घालावे, नाहीतर ते फुटते.

बाजारातील प्रथिनांच्या पावडरींचे काय, असा प्रश्न हमखास विचारला जातो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांत स्नायू कमावण्यासाठी अशा पावडरींच्या मागे न लागण्याचा सल्ला दिला आहे. वैद्यकीय सल्ल्याने ती घेत असाल, तर आच बंद करून लापशी कोमट झाल्यावर मिसळावी. उकळत्या मिश्रणात तिच्या रबरासारख्या गाठी होतात.

चार लापश्या

१. दूध-शेंगदाण्याची लापशी

साहित्य : ४० ग्रॅम रोल्ड ओट्स, २०० मिलिलिटर दूध, १०० मिलिलिटर पाणी, १५ ग्रॅम दूध पावडर, १५ ग्रॅम शेंगदाण्याचे कूट, एक चमचा गूळ, वेलदोड्याची पूड, चिमूटभर मीठ.

कृती : ओट्स भाजून पाण्यात फुगवावेत. दूध पावडर थोड्या गार दुधात कालवावी. उरलेले दूध ओट्समध्ये घालून तीन मिनिटे शिजवावे. कालवलेली पावडर आणि कूट घालून आणखी एक मिनिट ढवळावे. गॅस बंद करून दोन मिनिटांनी गूळ व वेलदोडा घालावा. उकळत्या दुधात गूळ घातल्यास दूध फाटण्याचा संभव असतो, म्हणून हा क्रम पाळावा.

प्रथिने : सुमारे २० ग्रॅम. उष्मांक चारशेच्या आसपास.

२. डाळ्याच्या पिठाची लापशी

साहित्य : ४० ग्रॅम ओट्स, २५ ग्रॅम डाळ्याचे पीठ, २०० मिलिलिटर दूध, १५० मिलिलिटर पाणी, दोन खजूर, चिमूटभर सुंठ, मीठ.

कृती : पीठ अर्ध्या पाण्यात कालवून ठेवावे. उरलेल्या पाण्यात ओट्स आणि बिया काढून चिरलेले खजूर शिजवावेत. दूध घालून उकळी आली की पिठाचे मिश्रण धारेने सोडत ढवळावे. दोन मिनिटांत लापशी दाट होते. शेवटी सुंठ घालावी. खजुरामुळे साखर किंवा गूळ लागत नाही.

प्रथिने : १६ ते १७ ग्रॅम. डाळे आणि ओट्स एकमेकांची उणीव भरून काढतात, हे या प्रकाराचे वैशिष्ट्य.

३. वरण-ओट्स

साहित्य : ४० ग्रॅम ओट्स, आदल्या रात्री शिजवलेली पाऊण वाटी घट्ट तूरडाळ, दोन वाट्या पाणी, १५ ग्रॅम शेंगदाणे, फोडणीसाठी अर्धा चमचा तूप, जिरे, हिंग, हळद, कढीपत्ता, एक हिरवी मिरची, कोथिंबीर, लिंबू, मीठ. सोबत अर्धी वाटी दही.

कृती : तुपात जिरे-हिंगाची फोडणी करून शेंगदाणे, कढीपत्ता व मिरची परतावी. त्यातच ओट्स घालून दोन मिनिटे भाजावेत. हळद, मीठ आणि पाणी घालून चार मिनिटे शिजवावे. डाळ मोडून घालावी आणि एक खणखणीत उकळी आणावी. वरून कोथिंबीर व लिंबू पिळावे. दही वेगळे घ्यावे.

प्रथिने : दह्यासह १७ ते १८ ग्रॅम. गोड न्याहारी न रुचणाऱ्यांना आणि मधुमेहींना हा प्रकार विशेष सोयीचा. लिंबातील ‘क’ जीवनसत्त्वामुळे डाळीतील लोह शरीरात अधिक शोषले जाते. याच कारणासाठी चहा न्याहारीबरोबर न घेता तासाभराने घ्यावा. चहातील टॅनिन लोहाच्या शोषणात अडथळा आणते.

४. अंड्याची तिखट लापशी

साहित्य : ४० ग्रॅम ओट्स, दोन अंडी, पावणेदोन वाट्या पाणी, एक लहान कांदा, अर्धा टोमॅटो, मिरपूड, एक चमचा तेल, मीठ.

कृती : तेलावर कांदा व टोमॅटो परतून ओट्स घालावेत. पाणी व मीठ घालून चार-पाच मिनिटे शिजवावे. अंडी फेटून, वर सांगितल्याप्रमाणे गरम लापशीत एकजीव करून पातेल्यात सोडावीत आणि पूर्ण शिजेपर्यंत ढवळावे. भरपूर मिरपूड घालावी.

प्रथिने : सुमारे १८ ग्रॅम. अंडे अर्धकच्चे ठेवू नये, विशेषतः गर्भवती, लहान मुले आणि वृद्धांसाठी करताना.

आदल्या रात्रीची पाच मिनिटे

सकाळची घाई प्रत्यक्षात आदल्या रात्री वाचवता येते. ओट्स पाण्यात भिजवून शीतकपाटात ठेवल्यास सकाळी दोन-तीन मिनिटांत शिजतात. आपल्याकडील उष्म्यात, विशेषतः दुधात भिजवलेले ओट्स ओट्यावर रात्रभर ठेवू नयेत, ते आंबतात. स्टील-कट ओट्स आवडत असल्यास रात्री चौपट पाण्यात एक उकळी आणून, झाकून निवू द्यावेत आणि मग शीतकपाटात ठेवावेत. सकाळी पाच-सात मिनिटे शिजवले की पुरे. त्यासाठी कुकर वापरू नये. ओट्सचा फेस शिटीच्या भोकात अडकू शकतो.

सुटीच्या दिवशी आठवड्याचे कोरडे मिश्रणही करून ठेवता येते. दोनशे ग्रॅम ओट्स मंद आचेवर भाजून, गार झाल्यावर त्यात १२५ ग्रॅम डाळ्याचे पीठ आणि ७५ ग्रॅम दूध पावडर मिसळावी. हे पाच न्याहाऱ्यांचे प्रमाण झाले. रोज ८० ग्रॅम मिश्रण दोन वाट्या गार पाण्यात कालवून गॅसवर ठेवावे आणि ढवळत पाच-सहा मिनिटे शिजवावे. दूध न घालताही यातून १५ ग्रॅम प्रथिने मिळतात. वसतिगृहात राहणाऱ्या किंवा एकट्याने खोली घेऊन राहणाऱ्या तरुणांना हे फार उपयोगी पडेल.

ओट्सचे पाकीट उघडल्यावर ते घट्ट झाकणाच्या डब्यात काढावे. पावसाळ्यात दमट हवेने त्यांना ओल लागते, कीड होते आणि स्निग्धांशामुळे खवटपणाही लवकर येतो. लहान पाकीट आणणे श्रेयस्कर.

बिघडले तर काय करावे?

लापशी फार घट्ट झाली, तर गरम पाणी किंवा गरम दूध घालून सैल करावी. गार दूध घातल्यास ती नीट मिळून येत नाही. गुठळ्या झाल्यास पातेले आचेवरून उतरवून रवीने हलके घुसळावे. तळाशी लागली असेल, तर खरवडू नये. वरची लापशी दुसऱ्या भांड्यात काढून घ्यावी, म्हणजे करपट वास पसरत नाही. कडवट चव लागल्यास ओट्स जुने, खवट झाले आहेत असे समजून टाकून द्यावेत. रिकाम्या पातेल्यात लगेच पाणी भरून ठेवल्यास ते घासायला त्रास होत नाही.

कोणी काळजी घ्यावी?

मूत्रपिंडाच्या विकाराने आजारी असलेल्यांनी प्रथिनांचे प्रमाण स्वतःच्या मनाने वाढवू नये. त्यांच्यासाठी हे प्रमाण डॉक्टरच ठरवतात. गव्हातील ग्लुटेन न सोसणाऱ्या सिलिअ‍ॅक रुग्णांनी साधे ओट्स टाळावेत. जईत ग्लुटेन नसले, तरी शेतात व गिरणीत त्यात गहू मिसळलेला असतो. ‘ग्लुटेनमुक्त’ असे प्रमाणित ओट्सही त्यांनी वैद्यकीय सल्ल्यानेच सुरू करावेत. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी घेणाऱ्यांनी ती घेतल्यावर निदान अर्धा ते एक तास थांबून मगच ही न्याहारी करावी. दूध, सोया आणि तंतुमय पदार्थांमुळे औषधाचे शोषण कमी होते.

मधुमेहींनी इन्स्टंट ओट्स व गूळ-खजूर टाळून तिखट प्रकार निवडावेत. ओट्सही धान्यच आहे; ‘हे चालते’ म्हणून दोन वाडगे खाल्ले, तर साखर वाढणारच. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असल्यास कुटाऐवजी भाजलेल्या जवसाची पूड वापरता येईल, मात्र तिच्यातून प्रथिने तुलनेने कमी मिळतात. लहान मुलांना अख्खे शेंगदाणे न देता कूटच द्यावे. आहारात तंतुमय पदार्थांची सवय नसलेल्यांनी सुरुवात २० ग्रॅम ओट्सपासून करावी आणि दिवसभर पुरेसे पाणी प्यावे, नाहीतर पोट फुगण्याची तक्रार उद्भवते.

शेवटी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हा सारा हिशेब ओट्सपुरताच मर्यादित नाही. ज्यांना ओट्स परवडत नाहीत किंवा रुचत नाहीत, त्यांनी गव्हाच्या दलियात, नाचणीच्या सत्त्वात किंवा रव्याच्या उपम्यात हेच दूध, हेच कूट, हीच डाळ घातली तरी प्रथिनांचे गणित तितकेच जमते. वाडग्यातील धान्य कोणतेही असो, त्याच्या जोडीला डाळ, दूध किंवा अंडे यांपैकी काय आहे, हे रोज सकाळी पाहावे. घरातील सर्वांच्या न्याहारीची चिंता वाहणाऱ्या व्यक्तीचा वाडगाही त्यांत आहे ना, याचीही खात्री त्याच वेळी करून घ्यावी.